गाळा कुणाला द्यायचा?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी इचलकरंजीत राहणारा सेवानिवृत्त शिक्षक. आमच्या कॉलनीत शंभरेक घरं आहेत आणि सध्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे. कोपऱ्यावर दवाखाना चालवणारे आमचे जुने डॉक्टर दिवाळीनंतर काम थांबवतायत. वय झालं, गुडघे धरले, मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये. सोसायटीच्या इमारतीत रस्त्याच्या तोंडाला एक गाळा रिकामा आहे आणि त्याला तीन मागण्या आल्यात. एका पॅथॉलॉजी लॅबला कलेक्शन सेंटर काढायचंय. सगळ्यात जास्त भाडं त्यांचंच. एक मोठं हॉस्पिटल म्हणतंय, पॉलिक्लिनिक काढतो, रोज वेगळा स्पेशालिस्ट बसेल, शिवाय वर्षातून दोनदा कॉलनीची फुकट तपासणी. तिसरी मागणी एका तरुण डॉक्टर मुलीची, एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी केलेली. तिला भाडं निम्म्यावर हवंय. खजिनदार म्हणतात, सोसायटी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. तरुण मंडळी म्हणतात, आता फॅमिली डॉक्टर लागतो कुणाला, मोबाइलवर अपॉइंटमेंट मिळते. काही जणांचं म्हणणं, डॉक्टर आला की मागच्या वस्तीतली गर्दी आपल्या दारात येणार. 'मुलगी आहे, लग्न झालं की जाईल' हेही झालंच. मला स्वतःला डॉक्टर हवाय, पण सभेत पटवून देता येत नाही. काय करावं? आणि डॉक्टरच ठेवायचा तर काय बघून ठेवावा?

— एक वाचक, इचलकरंजी

सर, नमस्कार.

गाळा त्या मुलीला द्या. उत्तर आधीच सांगून टाकलं. आता सभेत बोलायला मुद्दे देते. उभं आयुष्य तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस केलेल्या बाईला विचारलंत, तेव्हा अगदी तटस्थ सल्ल्याची अपेक्षा तुम्हीही केली नसेल.

आधी तरुण मंडळी. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, अशा वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नंबर लावून बसू नये, थेट ईसीजी आणि आयसीयूची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं. तोंड वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळायला लागलं तरी तेच. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. अशा वेळी कुणी फॅमिली डॉक्टरची वाट बघत बसलं तर मीच रागावेन. पण वर्षाकाठी असे दिवस किती येतात? एरवी माणसाला होतं ते म्हणजे कणकण, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, चक्कर आल्यासारखं वाटणं, झोप न लागणं, आणि घरात सुनेशी बोलणं बंद झाल्यापासून सुरू झालेली पोटदुखी. यातलं काय कुठल्या स्पेशालिस्टकडे न्यायचं हे रोग्यानेच ठरवायचं, अशी आता रीत पडलीय. जळजळलं की हृदयवाला, गरगरलं की मेंदूवाला.

एकदा एका आजोबांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. सोबत औषधांची कापडी पिशवी. मी ती टेबलावर ओतायला लावली. हृदयाच्या डॉक्टरांच्या गोळ्या, साखरेच्या, हाडांच्या डॉक्टरांच्या, लघवीच्या त्रासाची, झोपेची. पित्ताची तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी तीनदा, कारण प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी ती असतेच. हाडांच्या पाकिटातली एक डायक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी निघाली, महिनोन् महिने चालू. ही गोळी बीपी वाढवते, किडनीला जाच करते, पायावर सूज आणते. बीपी वाढलं म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी दुप्पट केलेली. लघवीच्या गोळीने उभं राहिल्यावर बीपी उतरतं, त्यात झोपेच्या गोळीची गुंगी, म्हणून आजोबा रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडलेले. पडल्यावर नेलं कुठे, तर पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे! यात कुणाचंही ज्ञान कमी नव्हतं. सगळ्या गोळ्या एकत्र मांडून बघणं हे काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. माझं काम एवढंच झालं की चार गोळ्या बंद केल्या, एक कमी केली आणि बाकीच्या तिन्ही डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. तुमच्या कॉलनीत साठीच्या पुढची माणसं किती आहेत मोजा आणि त्यांच्या पिशव्या डोळ्यांसमोर आणा.

मंडळींना आकडेच हवे असतील तर एक सांगा. नॉर्वेत प्रत्येकाच्या नावावर एक ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ साली छापून आला. त्यात एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ जाणारे आणि वर्षभरापूर्वीच नव्या डॉक्टरकडे आलेले यांची तुलना होती. जुन्यांमध्ये तातडीने हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं, मृत्यूचं २५ टक्क्यांनी. नॉर्वे म्हणजे इचलकरंजी नव्हे, मान्य. नुसत्या नोंदींवरून कार्यकारण पक्कं ठरत नाही, हेही मान्य. पण डॉक्टर-रोग्याची ओळख जितकी जुनी, तितका फायदा जास्त, ही चढण त्या अभ्यासात पायरीपायरीने दिसते. अशी गोष्ट योगायोगाने होत नाही असं माझं मत आहे.

कारण ओळखीत डोळा तयार होतो. तुमच्या इचलकरंजीसारखे आमच्या गावातही थोडे यंत्रमाग होते. एक मागवाला बायकोचं औषध न्यायला आला. पैसे काढायला त्याने शर्ट वर केला, तेव्हा पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं आणि त्यापुढे लोंबणारी वीतभर पट्टी. हा माणूस मी आधी पाहिलेला होता, म्हणून ते भोक मला दिसलं. खोकला आहे का रे? "आहे, पण तो धुळीचा." कधीपासून? "दसऱ्याच्या आधीपासून." दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा साधा नियम. टीबी निघाला. सहा महिन्यांचे उपचार, औषधं सरकारी आणि फुकट. टीबीच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरलाही २०१२ पासून बंधनकारक आहे. 'निक्षय' या सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर नाव चढलं की खुराकासाठी दरमहा पैसे खात्यात येतात. आधी पाचशे होते, २०२४ च्या अखेरीला हजार झाले. त्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी आणखी माणसं होती, त्यांनाही बोलावून घेतलं. हा माणूस स्वतःहून छातीच्या डॉक्टरकडे कधी गेला असता? रक्त पडल्यावर. तोवर खोली भरून टीबी वाटला गेला असता.

आता वस्तीच्या गर्दीबद्दल. सर, ही तक्रार ऐकून मला राग आला, पण सभेत रागाने काम होत नाही, म्हणून जरा हिशेबाने बोलू.

इचलकरंजीतल्या माणसाला २०१२ ची काविळीची साथ सांगायला नको. पाण्याच्या लाइनीत गटाराचं पाणी शिरलं की जी कावीळ पसरते, ती बहुतेक वेळा हेपॅटायटिस ई असते. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली तर जिवावर बेतते. आता बघा, एका गल्लीतले पाच जण पाच वेगवेगळ्या हॉस्पिटलांत गेले, तर प्रत्येक डॉक्टरला काविळीचा एकेक रोगी दिसतो. तेच पाच जण एका दवाखान्यात आले, तर दुसऱ्या-तिसऱ्यालाच डॉक्टर विचारते, "तुम्ही त्या पिठाच्या गिरणीमागेच राहता ना?" आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन लावते. मग त्यांची माणसं येऊन नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या 'ओटी' द्रावणाचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर लाइन शोधत निघायचं. गल्लीच्या एका टोकाला रंग येतो आणि दुसऱ्या टोकाला येत नाही, तिथे कुठेतरी गळती असते. पुढचे शे-दोनशे रोगी असे वाचतात, आणि वाचले हे त्यांना कधी कळतसुद्धा नाही. पण यासाठी वस्ती आणि कॉलनी एकाच दवाखान्यात यायला लागतात. पाण्याची लाइन दोघांची एकच आहे.

डेंग्यूचंही तेच. तो पसरवणारी डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि फार तर काहीशे मीटर उडते. तेवढ्या टापूत तुमच्या गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि वस्तीतली पिंपं, सगळं आलं. पंचगंगेचा पूर २०१९ ला आला, २०२१ ला आला. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्याला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, धोका असतो. त्याला ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यायचं की नाही, पायाला जखम होती का, बाई गरोदर आहे का, हे बघून त्या दिवशी ठरवणारं कुणीतरी जवळ लागतं. तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बायका, वॉचमन, दूधवाला, हे सगळे कुठे राहतात ते तक्रार करणाऱ्यांना विचारा.

हिशेब झाला. आता हिशेबापलीकडचं. वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाचं कोळसा खाणकामगारांचं गाव आहे. तिथे जूलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर १९६१ पासून प्रॅक्टिस करत होते. १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिलं की चांगल्या डॉक्टरकीची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. आणि बाजारावर सोडलं तर हे आणखी बिघडतं. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. गावातल्या यच्चयावत प्रौढ माणसांचं बीपी मोजायचं, आजारी असो नसो, दवाखान्यात येवो न येवो, असं त्यांनी ठरवलं आणि मोजलं. बीपी दुखत नाही, त्यामुळे ज्याला आहे तो येत नाही. येत नाही त्याला शोधायला जावं लागतं. तुमच्या मागच्या वस्तीत बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे मागवाले आहेत, कापसाच्या धुळीने ज्यांची छाती भरते आणि खटखटाटाने चाळिशीतच कानाला कमी ऐकू यायला लागतं. कांड्या भरणाऱ्या बायका आहेत, ज्यांच्या पापणीखाली बघितलं तर पांढरंफटक दिसतं. राज्यात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलंय. डॉक्टर या लोकांच्या दारात बसायला हवा. तुमच्या कॉलनीत बसला, तर ती तुमची सोय झाली असं समजा.

एक व्यवहाराची गोष्ट: दवाखान्याचं दार रस्त्यावर ठेवा, सोसायटीच्या गेटातून नको. दार सगळ्यांना एकच. वस्तीवाल्यांना मागून आणि कॉलनीवाल्यांना पुढून असली सूचना आलीच, तर ती इतिवृत्तात सुचवणाऱ्याच्या नावासकट लिहा. बहुधा माघार घेतली जाईल.

हॉस्पिटलच्या फुकट तपासणीने सभेतली बरीच डोकी फिरतील, म्हणून तिच्यावर जरा थांबते. शिबिरात एखाद्याचं बीपी १५० निघालं, म्हणजे त्याला बीपीचा आजार झाला असं होत नाही. जिना चढून आलेला, रांगेत उभा राहिलेला, शेजाऱ्याशी गप्पा मारत असलेला माणूस तो. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि दरवेळी १४०/९० किंवा त्यावर आलं, तर मग बोलायचं. साखरेचंही तसंच: उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, साडेसहा किंवा त्यापुढे, आणि तेही पुन्हा एकदा खात्री करून. बरं, निघालं. पुढे काय? गोळी सुरू केल्यावर महिन्याने कोण बघणार? तिसऱ्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून गोळी सोडून दिली, हे कुणाच्या ध्यानात येणार? शिबिराचा तंबू तोवर दुसऱ्या कॉलनीत लागलेला असतो. रोज वेगळा स्पेशालिस्ट म्हणजे सोमवारच्या डॉक्टरला मंगळवारचं ठाऊक नाही. पॉलिक्लिनिकचं भाडं आणि शिबिराचा खर्च कुठून निघतो, एवढं खजिनदारांनाच विचारा. हिशेबाचा माणूस आहे, उत्तर त्यांना तुमच्या आधी सापडेल. आमच्या धंद्यातली कट प्रॅक्टिस, म्हणजे रोगी पाठवण्याबद्दल घेतलं जाणारं कमिशन, काही लपलेली नाही. ती बंद करायला राज्यात २०१७ साली कायद्याचा मसुदासुद्धा तयार झाला होता.

लॅबवाल्यांवर माझा राग नाही, तपासण्या लागतातच. पण डॉक्टर नसलेल्या कॉलनीत लॅब आली की 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं घरोघर जातात. रिपोर्टमधली नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी आखतात की निरोगी माणसांतलेही सुमारे पाच टक्के तिच्या बाहेर पडतात. साठ-सत्तर तपासण्या एकदम केल्या, की धडधाकट माणसाच्या कागदावरही दोन-तीन आकडे ठळक अक्षरांत येणारच. ते घेऊन तो रात्रभर मोबाइलवर शोधत बसतो आणि सकाळी स्पेशालिस्ट गाठतो. लॅबचा माणूस सकाळी येऊन दवाखान्यातूनच रक्ताचे नमुने नेऊ शकतो. त्याला आख्खा गाळा कशाला?

भाड्याबद्दल माझं मत खजिनदारांना थोडं आवडेल. फुकट देऊ नका. फुकट दिलेल्या जागेत डॉक्टर राहत नाही, सोसायटीचा नोकर राहतो. समितीतल्या कुणाच्याही मेव्हण्याला शिंका आल्या की रात्री साडेअकराला तिची बेल वाजते. भाडं घ्या, परवडेल असं घ्या, आणि दरवर्षी किती वाढणार ते आधीच लिहा. मात्र अकरा महिन्यांचा करार करू नका. दवाखान्यावर लोकांचा विश्वास बसायला दोन-तीन वर्षं जातात; तेवढ्यात जागा गेली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. पाच वर्षांचा रीतसर नोंदणीकृत करार करा, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, गाळ्याच्या वापराबद्दल महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. गाळ्याला समोरासमोर हवा खेळेल अशी खिडकी पाडून द्या. टीबी आणि फ्लू कोंदट जागेत पसरतात, एसीपेक्षा खिडकी महत्त्वाची. पायरीच्या बाजूला उतार करा. आणि सुया, कापूस, पट्ट्या कॉलनीच्या घंटागाडीत जाणार नाहीत, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच जातील, याचा कागद तिच्याकडून मागा. ती आनंदाने देईल. नाही दिला, तर मात्र माझी शिफारस परत घेते.

डॉक्टर कसा निवडावा? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा, तो पाटीवर आणि चिठ्ठीवर असायला हवा. फॅमिली मेडिसिनमधली डीएनबी हा एमबीबीएसनंतरचा तीन वर्षांचा अभ्यास आहे, तेव्हा 'नुसती जनरल डॉक्टर' असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. त्यापुढे तिच्याशी चहा घेत बसा आणि विचारा: घरटी फाइल ठेवणार का? बीपी-साखरेच्या रोग्यांचं वेगळं रजिस्टर ठेवणार का, आणि जो महिनाभर आला नाही त्याला फोन कोण करणार? मागावरची पाळी सुटते तेव्हा दवाखाना उघडा असेल का? मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली तर इथल्या आयजीएमला की कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, की खासगीत, हे रोग्याच्या खिशाकडे बघून सांगणार का? लसी आणि टीबीची औषधं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तिथल्या सिस्टर आणि आशाताईंशी बोलणं ठेवणार का? कटबद्दल तोंडावर विचारणं तुम्हाला अवघड जाईल. तर एवढंच विचारा की तपासणीच्या चिठ्ठीवर एकाच लॅबचं नाव छापलेलं असेल का. ती काय समजायचं ते समजेल.

लग्नाचा मुद्दा जुन्या डॉक्टरांच्या मुलाबद्दल कधी निघाला होता का? तो न सांगता बंगलोरला गेलाच ना. पाच वर्षांच्या करारावर तिने सही केली की पुरे झालं.

आता तुम्हा मंडळींकडे वळते, कारण चांगला डॉक्टर वाईट करायचं काम बहुतेक वेळा रोगीच करतात. दोन दिवसांचा ताप घेऊन माणूस येतो. डॉक्टर घसा बघते, छाती ऐकते, पॅरासिटामॉल लिहून देते, भरपूर पाणी प्यायला सांगते आणि परवा पुन्हा बोलावते. बाहेर आल्यावर हा म्हणतो, "सुई नाही, सलाइन नाही, कशाचे पैसे घेतले?" आणि दुसऱ्या दिवशी सुई देणाऱ्याकडे जातो. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंचे असतात, त्यांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट उद्या खरंच गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. पैसे घेतले ते याचे, की तिने बघून ठरवलं आज काही द्यायची गरज नाही, आणि परवा काय बघायचं हे तिला ठाऊक आहे. डेंग्यूत तर ताप उतरतो तेच दिवस धोक्याचे. तेव्हा पोट खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस मरगळला, तर त्याच तासाला हॉस्पिटल. तापात अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खाणं तर डेंग्यूत फारच महागात पडतं. हे परवाच्या फेरीचं महत्त्व लोकांना पटलं, तर ती मुलगी सुया न देता टिकेल. नाही पटलं, तर वर्षभरात तिच्याही टेबलावर सुयांचा ट्रे दिसेल आणि मग तुम्ही मला लिहाल की डॉक्टर बिघडली.

आणखी एक, सर, तुम्ही शिक्षक होतात म्हणून हळूच सांगते: खोट्या रजेची सर्टिफिकेटं मागायला तिच्याकडे कुणी जाऊ नये. एकदा एक दिलं की दवाखान्याबाहेर त्याचीच रांग लागते.

समितीने रजिस्टरात डोकावायचं नाही, हेही ठरावात लिहा. कुणाला टीबी आहे, कुणाच्या मुलीची कसली तपासणी झाली, हे सोसायटीला कळता कामा नये. काविळीचे रोगी वाढलेत, टाक्या धुऊन घ्या, इतकं ती सांगेल आणि तुम्ही नाव न विचारता टाक्या धुवाल.

राहिले जुने डॉक्टर. शाल-श्रीफळ द्यायचं ते द्या, पण त्याआधी त्यांना गाठा. दिवाळीआधीच तिला आणा आणि शेवटचे दोन-तीन महिने दोघांनी एकत्र बसावं असं सुचवा, आठवड्यातून दोन दिवस का होईना. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात जे साठलंय ते केसपेपरवर नाही. कुणाला कुठल्या औषधाने पुरळ येतं, कुठल्या घरात बाप-काका दोघे चाळिशीत हृदयविकाराने गेलेत, कोण पितो आणि सांगत नाही, कुठली सून मार खाते. ज्या रोग्यांची हरकत नाही, त्यांचे केसपेपर तिच्याकडे जावेत. ज्यांची आहे, त्यांना ते हातात द्यावेत. सगळ्यांत आधी तीस-चाळीस नावांची यादी करून घ्या: एकटे राहणारे म्हातारे, इन्सुलिनवर असलेले, फिट येणारे, गरोदर बायका. या घरांत जुने डॉक्टर तिला स्वतः घेऊन गेले तर उत्तम. गुडघे धरलेत म्हणता, तर रिक्षाचं भाडं सोसायटीने द्यावं. खजिनदार एवढ्याला नाही म्हणणार नाहीत.